विश्लेषण : उथळ समुद्रात पाणबुडीचा माग काढणे इतके अवघड का? मॉरिस यूइंग यांनी ८० वर्षांपूर्वी शोधलेले उत्तर

युद्धनौकेच्या मागे शेकडो मीटर लांबीची ‘शेपटी’ ओढत न्यायची आणि त्यातील हायड्रोफोनच्या मदतीने दूरवरच्या पाणबुडीचा आवाज टिपायचा, हे ओढत्या सोनारचे तंत्र आज जगातील बहुतेक मोठ्या नौदलांकडे आहे. खोल महासागरात ते उत्तम चालते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मात्र तीच यंत्रणा अडखळते. यामागचे भौतिकशास्त्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उलगडले आणि त्यात सर्वांत मोठा वाटा होता टेक्सासमधील एका शेतकऱ्याच्या मुलाचा, म्हणजे अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस यूइंग यांचा. यूइंग यांनी ओढता सोनार बनवला नाही. पण तो कुठे ऐकू शकतो आणि कुठे नाही, हे ज्या नियमांवर ठरते त्यांचा पाया त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. त्यांचे आयुष्य आणि हा प्रश्न, दोन्ही जाणून घेऊ.

ओढता सोनार म्हणजे काय?

पाण्यात रेडिओ लहरी किंवा प्रकाश फार दूर जात नाही. ध्वनी जातो, तोही सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने. पाणबुडीची यंत्रे आणि पंखा यांच्यातून जी घरघर निघते, तिचा दूरवर पोहोचणारा भाग कमी वारंवारतेचा, म्हणजे काही दहा ते काही शे हर्ट्झचा असतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी पाण्यात ३० मीटर असते. असा आवाज नेमक्या कोणत्या दिशेने आला हे सांगायचे तर ऐकणारे उपकरण तरंगलांबीच्या कितीतरी पट लांब हवे. जहाजाच्या नाकाखाली बसवलेल्या काही मीटरच्या सोनारला ते जमत नाही. शिवाय तिथे स्वतःच्या इंजिनाचा गोंगाट असतोच.

म्हणून हायड्रोफोनची लांब ओळ एका नळीत बसवून ती जहाजाच्या मागे, जहाजाच्या आवाजापासून दूर ओढतात. अशी ओळ ३०० मीटर लांब असेल तर ५० हर्ट्झच्या आवाजासाठी ती दहा तरंगलांबींएवढी होते आणि बाजूने येणाऱ्या आवाजाची दिशा पाच-सहा अंशांपर्यंत सांगू शकते. ही कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकी नौदलासाठी हार्वे हेज यांनी असे उपकरण बनवले होते. पण समुद्र त्या आवाजाचे वाटेत काय करतो, हे तेव्हा फारसे कोणालाच माहीत नव्हते.

मॉरिस यूइंग कोण होते?

विल्यम मॉरिस यूइंग यांचा जन्म १२ मे १९०६ रोजी टेक्सासमधील लॉकनी या छोट्या गावात झाला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरचा हा कोरडा, शेतीचा भाग. घरात दहा मुले झाली. पहिली तीन लहानपणीच गेली आणि उरलेल्या सात भावंडांत मॉरिस थोरले ठरले. पैशांची कायम चणचण. वयाच्या सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये गेले. खर्च भागवण्यासाठी त्यांनी रात्रभर उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानात काम केले. विद्यार्थी असतानाच चांदण्या रात्री दवावर दिसणाऱ्या इंद्रधनुष्यावरचा त्यांचा पहिला लेख १९२६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

सुट्टीतल्या एका कामाने पुढची दिशा ठरली. लुइझियानातील उथळ तळ्यांमध्ये तेल शोधणाऱ्या पथकात त्यांना नोकरी मिळाली. पद्धत साधी होती. स्फोट घडवायचा, त्याचे हादरे जमिनीखालच्या थरांतून किती वेळात परत येतात ते मोजायचे आणि त्यावरून थरांची खोली काढायची. पाणी, त्याखालचा चिखल आणि त्याखालचा खडक या तिन्हींतून आवाज वेगवेगळ्या वेगाने जातो, हे त्यांनी पुस्तकाआधी तळ्यात पाहिले. १९३१ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंधाचा विषय भूकंपलहरींच्या वेळांवरून त्यांचे वाकडे मार्ग कसे काढायचे, हा होता. आवाजाची वाट वाकते, ही गोष्ट त्यानंतर त्यांच्या कामातून कधीच सुटली नाही.

समुद्राशी गाठ कशी पडली?

१९३० पासून यूइंग पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. पगार बेताचा, संशोधनाला पैसा जवळपास नाही. नोव्हेंबर १९३४ मध्ये प्रिन्स्टनचे भूशास्त्रज्ञ रिचर्ड फील्ड आणि अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण विभागाचे विल्यम बोवी त्यांना भेटायला आले. खंडाचा किनारा समुद्राखाली हळूहळू उतरत जातो, ती ‘समुद्रबूड जमीन’ म्हणजे भूखंड मंच. त्याच्या कडेला नेमके काय आहे, हे तेलाच्या शोधातील स्फोटांची पद्धत वापरून सांगता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. यूइंग यांनी तत्काळ होकार दिला.

१९३५ मध्ये त्यांनी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून भूखंड मंचावर मोजमाप सुरू केले. त्यासाठी वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे शिडाचे जहाज ‘अटलांटिस’ मिळाले. तळावर भूकंपमापके सोडायची, दुसरीकडे स्फोट करायचे आणि हादरे नोंदवायचे. उपकरणे विद्यार्थ्यांच्या मदतीने हाताने बनवलेली होती. भूखंड मंचाखाली गाळाचा किलोमीटरमध्ये मोजावा असा जाड थर आहे, हे त्यातून समोर आले. आज याच प्रकारच्या थरांतून जगभर समुद्रातले तेल काढले जाते.

समुद्राकडे आलेले बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ पाण्याचा अभ्यास करत आले. यूइंग आले ते तळ शोधायला. पुढे उथळ समुद्राचे कोडे सुटले, त्यात या फरकाचा वाटा मोठा होता.

दुपारी सोनारला ऐकू का येत नव्हते?

१९३० च्या दशकात अमेरिकी नौदल एका विचित्र अडचणीत होते. सकाळी नीट चालणारा सोनार दुपारनंतर निकामी व्हायचा. दोष यंत्रात नव्हता. दुपारच्या उन्हाने पाण्याचा वरचा थर तापतो. पाणी एक अंश सेल्सिअसने तापले की त्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे तीन मीटरने वाढतो. ध्वनी नेहमी कमी वेगाच्या भागाकडे वळतो, म्हणजे इथे खालच्या थंड पाण्याकडे. त्यामुळे सोनारचा आवाज वाकून पाणबुडीच्या खालून निघून जात असे.

१९४० मध्ये यूइंग आपले दोन विद्यार्थी, लमार वोर्झेल आणि अ‍ॅलन व्हाइन यांना घेऊन वुड्स होलला आले. कोलंबस आयसेलिन यांच्यासोबत त्यांनी १९४१ मध्ये समुद्रातील ध्वनीच्या प्रवासावर नौदलासाठी माहितीपुस्तिका तयार केली. खोलीनुसार पाण्याचे तापमान काचेच्या छोट्या पट्टीवर कोरणारे बॅथीथर्मोग्राफ हे उपकरण अ‍ॅथेलस्टन स्पिलहॉस यांनी बनवले होते. यूइंग आणि व्हाइन यांनी ते धावत्या जहाजावर आणि पाणबुडीवर चालेल असे केले. मग अमेरिकी पाणबुड्या तापमान पाहून कोणत्या थराखाली लपायचे, हे ठरवू लागल्या.

खोल समुद्रात आवाज हजारो किलोमीटर कसा जातो?

खोल समुद्रात वरून खाली जाताना पाणी थंड होत जाते आणि ध्वनीचा वेग घटतो. पण आणखी खाली दाब इतका वाढतो की वेग पुन्हा वाढू लागतो. म्हणजे मध्ये कुठेतरी, मध्य अक्षांशांत साधारण एक किलोमीटर खोलीवर, सर्वांत कमी वेगाची पातळी असते. तिथे निर्माण झालेला आवाज वर गेला तरी खाली वळतो आणि खाली गेला तरी वर वळतो. तो ना पृष्ठभागाला लागतो ना तळाला. त्यामुळे त्याची शक्ती फारशी वाया जात नाही.

यूइंग यांनी हे आधी कागदावर मांडले आणि १९४४ मध्ये अटलांटिकमध्ये तपासले. जेमतेम पावणेदोन किलो स्फोटकाचा आवाज दीड हजार किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावर स्पष्ट ऐकू आला. या ध्वनीमार्गाला ‘सोफार’ असे नाव पडले. समुद्रात पडलेल्या वैमानिकाने छोटा बॉम्ब सोडावा आणि दूरच्या केंद्रांनी त्याचे ठिकाण शोधावे, हा मूळ हेतू होता. सोव्हिएत शास्त्रज्ञ लिओनिद ब्रेखोवस्कीख यांनी काही काळाने हाच मार्ग स्वतंत्रपणे शोधला.

१९५० च्या दशकात अमेरिकेने सोव्हिएत पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी समुद्रतळावर हायड्रोफोनच्या ओळी टाकल्या. ‘सोसस’ या नावाची ही यंत्रणा याच ज्ञानावर उभी होती. तिच्या ओळी भूखंड मंचावर न ठेवता त्याच्या पलीकडच्या उतारावर, खोल समुद्राकडे तोंड करून ठेवल्या गेल्या. उथळ पाणी वगळण्यामागे कारण होते.

उथळ पाण्यात वेगळे काय घडते?

युद्धाच्या त्याच काळात यूइंग आणि वोर्झेल उथळ पाण्यातही स्फोट करून आवाज नोंदवत होते. काही किलोमीटरवरून एका क्षणात संपणारा धमाका ऐकू यावा, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात नोंद लांबलचक यायची. आधी तळातून वेगाने आलेली खोल घरघर, मग पाण्यातून आलेला उंच पट्टीचा आवाज, आणि दोन्ही हळूहळू एकमेकांत मिसळून संपायचे. एकच धमाका वाटेत ताणला जाऊन त्याचे सूर वेगळे होत होते.

त्याचे गणित लिथुआनियात जन्मलेले आणि तेव्हा कोलंबिया विद्यापीठात असलेले खाइम पेकेरिस यांनी मांडले. वर हवा, खाली गाळ आणि मध्ये पाण्याचा पातळ थर, अशी रचना म्हणजे आवाजासाठी एक नळीच. बासरीत ठरावीक सूरच निघतात, तसे या नळीत ठरावीक आकाराच्या लहरीच टिकतात. त्यांना ‘मोड’ म्हणतात. प्रत्येक मोड वेगळ्या कोनाने वर-खाली आपटत, वेगळ्या वेगाने पुढे सरकतो. म्हणून धमाका ताणला जातो. यूइंग, वोर्झेल आणि पेकेरिस यांचे हे काम १९४८ मध्ये अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सोसायटीने एकत्र प्रसिद्ध केले. उथळ समुद्रातील ध्वनीचा अभ्यास आजही पेकेरिस यांच्या प्रारूपापासून सुरू होतो.

या गणिताचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, नळी अरुंद असेल तर लांब लहर तिच्यात मावतच नाही. उदाहरण घेऊ. तळाच्या वाळूत ध्वनीचा वेग सेकंदाला १६०० मीटर धरला, तर ५० मीटर खोल पाण्यात सुमारे २२ हर्ट्झच्या खालचा आवाज टिकत नाही. खोली २० मीटर झाली की ही मर्यादा ५४ हर्ट्झवर जाते. त्याखालचा आवाज तळात झिरपून जातो. म्हणजे ज्या घरघरीसाठी लांब शेपटी ओढायची, तीच पाणी उथळ होत जाईल तशी नाहीशी होते.

मग ओढत्या सोनारचे नेमके काय बिघडते?

ही यंत्रणा उथळ पाण्यात चार ठिकाणी अडते.

पहिली अडचण दिशेची. हायड्रोफोनची सरळ ओळ फक्त एक गोष्ट मोजते, ती म्हणजे आवाज आणि ओळ यांच्यातला कोन. आवाज आडवा आला की वरून-खालून आला, हे तिला कळत नाही. वरच्या उदाहरणातल्या तळावर आवाज सुमारे २० अंशांपर्यंतच्या तिरप्या वाटेने आपटत येऊ शकतो. पाणबुडी शेपटीच्या अगदी रेषेत, समोर असेल, तर हा तिरपेपणा ओळीला दिशा वाटतो आणि पाणबुडी २० अंश बाजूला असल्याचा भास होतो. आडव्या बाजूच्या लक्ष्याबाबत ही चूक होत नाही. अनेक मोड एकदम आले तर एका पाणबुडीचा ठिपका पसरट होतो.

दुसरी, डावी-उजवी बाजू. साध्या एका ओळीला आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे सांगता येत नाही. त्यासाठी जहाजाला वळण घ्यावे लागते आणि शेपटी पुन्हा सरळ होईपर्यंत थांबावे लागते. मासेमारी नौका, जाळी आणि मालवाहू जहाजे यांच्या गर्दीत हे सोपे नाही.

तिसरी, खोली. खोल समुद्रात शेपटी तापलेल्या थराखाली सोडता येते. ६० मीटर पाण्यात तेवढी मोकळीक नसते. वेग कमी केला तर शेपटी खाली जाऊन तळाला घासण्याची भीती, वाढवला तर तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याचाच आवाज वाढतो.

चौथी, गोंगाट. ओढणाऱ्या जहाजाचा स्वतःचा आवाज तळावर आपटून शेपटीत परत येतो. स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकायचे ठरवले, तर तळाकडून आणि पृष्ठभागाकडून इतके प्रतिध्वनी येतात की त्यात पाणबुडीचा हरवतो.

या चारही अडचणींत तळ कुठे ना कुठे येतो. खोल समुद्रात आवाज तळाला न शिवता प्रवास करू शकतो. उथळ समुद्रात तो शेकडो वेळा तळावर आपटतो. तळाशी वाळू असेल तर बराचसा आवाज परत येतो, मऊ चिखल असेल तर गिळला जातो. त्यामुळे तीच यंत्रणा एका ठिकाणी चांगली आणि काही किलोमीटरवर निरुपयोगी ठरू शकते.

यूइंग यांनी पुढे काय केले?

युद्धानंतर यूइंग कोलंबिया विद्यापीठात आले. न्यूयॉर्कजवळ बँकर थॉमस लॅमाँट यांच्या पत्नीने दिलेल्या मालमत्तेवर १९४९ मध्ये लॅमाँट भूशास्त्रीय वेधशाळा सुरू झाली आणि यूइंग तिचे पहिले संचालक झाले. १९५३ मध्ये ‘व्हेमा’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज संस्थेकडे आले. यूइंग यांचा दंडक होता की, जहाज समुद्रात असताना माप घेणे थांबता कामा नये. रोज तळाचा नमुना काढायचा, वाटेत स्फोटांचे प्रतिध्वनी नोंदवायचे. ‘व्हेमा’ने आपल्या आयुष्यात दहा लाख सागरी मैलांपेक्षा जास्त प्रवास केला. पुढे जहाजामागे हायड्रोफोनची ओळ ओढत तळाखालचे थर नोंदवणे ही नित्याची पद्धत झाली. पाणबुडी शोधणारी शेपटी आणि तेल शोधणारी शेपटी ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

याची किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९५४ मध्ये अटलांटिकमधील वादळात ‘व्हेमा’च्या डेकवर तेलाची पिंपे सुटली. ती बांधायला गेलेले यूइंग, त्यांचे भाऊ जॉन आणि दोन अधिकारी लाटेने समुद्रात ओढले गेले. जहाज वळवून तिघांना वाचवता आले. चार्ल्स विल्की हा अधिकारी बुडाला. यूइंग यांना झालेली दुखापत आयुष्यभर राहिली. त्यानंतर ते लंगडतच चालत. समुद्रावर जाणे मात्र त्यांनी सोडले नाही.

त्यांचे चुकले कुठे?

माणूस म्हणून यूइंग सोपे नव्हते. रात्री उशिरापर्यंत काम आणि सहकाऱ्यांकडूनही तीच अपेक्षा. तीन विवाह झाले, त्यातले पहिले दोन टिकले नाहीत. लॅमाँटच्या जहाजांनी गोळा केलेल्या मोजमापांवरून मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेतली खचदरी ओळखली. पुढे थार्प यांचे सहकारी ब्रूस हीझन आणि यूइंग यांच्यात बिनसले. त्यात थार्प यांची लॅमाँटमधील नोकरी गेली आणि त्यांना घरून नकाशे पूर्ण करावे लागले. खंड सरकतात, हेही यूइंग यांनी बराच काळ मानले नाही. गंमत म्हणजे तो सिद्धान्त पक्का करणारे अनेक पुरावे त्यांच्याच जहाजांनी आणले होते.

विद्यापीठ प्रशासनाशी मतभेद झाल्यावर १९७२ मध्ये ते लॅमाँट सोडून टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनला गेले. ४ मे १९७४ रोजी, ६८ व्या वाढदिवसाला आठ दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

भारताच्या किनाऱ्याशी याचा संबंध काय?

मुंबईसमोर भूखंड मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. केरळकडे जाताना तो अरुंद होतो. म्हणजे मुंबईहून निघालेल्या युद्धनौकेला खोल समुद्र गाठेपर्यंत बराच काळ उथळ पाण्यातच राहावे लागते. किनाऱ्याजवळ तळाला चिखल आहे, बाहेरच्या पट्ट्यात वाळू. आवाजाच्या दृष्टीने हे दोन वेगळे समुद्र आहेत. शिवाय मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर पाण्याच्या थरांचे तापमान बदलते.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे भारतीय नौदलाने ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री अनुभवले. पाणबुडीच्या शोधात मुंबईहून निघालेली ‘आयएनएस खुकरी’ दीवजवळ, याच भूखंड मंचावर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. ‘खुकरी’वर ओढता सोनार नव्हता. या समुद्रात पाणबुडीला आधी ऐकू येणे किती महाग पडते, हे मात्र त्या रात्रीने दाखवले. आज कोची येथील डीआरडीओची नौदल भौतिक व सागरविज्ञान प्रयोगशाळा ओढत्या सोनारसह नौदलासाठी सोनार विकसित करते.

यावर उपाय आहे का?

पूर्ण उपाय नाही, पण दिशा स्पष्ट आहे. १९७० च्या दशकापासून संशोधक वेगळी पद्धत वापरू लागले. आधी त्या भागातली खोली, पाण्याचे तापमान आणि तळाचा प्रकार संगणकात भरायचा. पाणबुडी अमुक ठिकाणी असती तर हायड्रोफोनच्या ओळीवर आवाज कसा उमटला असता, हे गणिताने काढायचे आणि प्रत्यक्ष आवाजाशी ताडून पाहायचे. मग मोडचा गुंता हीच माहिती ठरते. अट एकच. तळाची माहिती अचूक हवी. ती चुकली तर पाणबुडीचे ठिकाणही चुकते. म्हणूनच नौदले शांततेच्या काळात समुद्रतळाचे सर्वेक्षण इतक्या चिकाटीने करतात आणि ती माहिती गुप्त ठेवतात.

१९९० ते २००५ या काळात लॅमाँटकडे ‘मॉरिस यूइंग’ नावाचे संशोधन जहाज होते. हायड्रोफोनची काही किलोमीटर लांब ओळ मागे ओढत ते समुद्रतळाखालचे थर नोंदवत असे. लुइझियानाच्या उथळ तळ्यांत सुट्टीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने जे शिकले होते, तेच काम त्याच्या नावाचे जहाज करत होते.